खोबरेल, शेंगदाणा, करडई की एमसीटी: वजन उतरवायचंय तर कढईत काय आणि किती

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून एक चमचा खोबरेल तेल घेतलं की पोटाचा घेर उतरतो, असं आता जिममध्येही सांगतात आणि लग्नाच्या पंगतीतही. ऐकणाऱ्यापुढे मात्र एकदम तीन प्रश्न उभे राहतात आणि त्यांची गल्लत होते. रोजच्या जेवणावर वरून एक चमचा खोबरेल घ्यायचं का? स्वयंपाकातलं शेंगदाणा किंवा सूर्यफूल काढून तिथे खोबरेल आणायचं का? की दुकानात मिळणारं एमसीटी, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीच्या स्निग्धाम्लांचं, तेल विकत घ्यायचं? पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. दुसऱ्याने वजनात फरक पडत नाही, कोलेस्टेरॉलमध्ये पडू शकतो. तिसऱ्याचा थोडा उपयोग आहे, पण तो खर्चाच्या मानाने फारच थोडा.

आधी आकडे. चहाचा सपाट चमचा म्हणजे ५ मिलि धरला आहे.

| तेल / स्निग्ध | एका चमच्यात कॅलरी | संपृक्त चरबी (टक्के, अंदाजे) | कशाला चालतं |
|---|---|---|---|
| खोबरेल | ४० | ८५ ते ९० | फोडणी, मंद आचेची भाजी |
| शेंगदाणा | ४० | १७ ते २० | फोडणी, तळण |
| करडई | ४० | ७ ते १० | फोडणी. तळणीला रिफाइंडच |
| सूर्यफूल | ४० | १० ते १२ | फोडणी, तळण |
| साजूक तूप | ४० | ६० ते ६५ | वरून, फोडणी |
| एमसीटी तेल | ३८ ते ३९ | १०० | गरम न करता |

दुसरा रकाना वरून खाली एकदा वाचा. वजनाचा निम्मा वाद तिथेच मिटतो. कुठल्याही तेलात 'हलकं' असं काही नसतं. 'लाइट' लिहिलेल्या पुड्यातल्या एका ग्रॅममध्येही नऊच कॅलरी असतात.

वरचा एक चमचा

सल्ल्यातला 'एक चमचा' बहुतेक वेळा मोठा, १५ मिलिचा असतो. त्यात साडेतेरा ग्रॅम तेल आणि १२० कॅलरी. साधारण ७० किलोच्या माणसाला तेवढ्या खर्च करायला अर्धा तास झपाझप चालावं लागतं. महिनाभर रोज घेतलं आणि जेवणातून दुसरं काहीच कमी केलं नाही, तर ३,६०० कॅलरी वरून जातात. ही ऊर्जा जवळजवळ अर्धा किलो चरबीइतकी आहे.

थंडीत तर हा हिशेबही कोलमडतो. २४-२५ अंशांखाली खोबरेल गोठतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात, नाशकात बरणीतून ते चमच्याने खरवडून काढावं लागतं आणि गोठलेल्या तेलाचा चमचा शीग लावूनच भरतो. १३ ग्रॅमच्या जागी १८-२० ग्रॅम सहज निघतात. घ्यायचंच असेल तर बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, तेल पातळ होऊ द्या आणि मग मोजा.

मग हा समज आला कुठून?

पूर्ण खोटा नाही, अर्धवट खरा आहे. मध्यम लांबीच्या साखळीची काही स्निग्धाम्लं पचल्यावर नेहमीच्या चरबीसारखी लसिकावाहिन्यांतून फिरत नाहीत. ती थेट यकृतात जातात आणि तिथे बरीचशी लगेच जाळली जातात. आठ आणि दहा कार्बनच्या आम्लांना, म्हणजे कॅप्रिलिक आणि कॅप्रिकला, हे पुरेपूर लागू आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मारी-पिएर सेंट-ऑंज यांनी यावर बराच अभ्यास केला. त्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जादा वजनाच्या लोकांनी १६ आठवडे रोज १८ ते २४ ग्रॅम एमसीटी तेल घेतलं. ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन सुमारे १.७ किलोने जास्त उतरलं.

बातमी फिरली ती मात्र 'खोबरेलने वजन उतरतं' अशी. प्रयोगातलं तेल खोबरेल नव्हतंच. खोबरेलात आठ आणि दहा कार्बनची आम्लं मिळून जेमतेम १४ टक्के भरतात. निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा, बारा कार्बनचा. पाठ्यपुस्तकात लॉरिकची गणना 'मध्यम' साखळीत होते, म्हणून बाटलीवर '६० टक्क्यांहून जास्त एमसीटी' असं बिनदिक्कत छापता येतं. शरीरात गेल्यावर मात्र त्यातलं बहुतांश लांब साखळीच्याच वाटेने जातं.

प्रयोगातल्यासारखी २० ग्रॅम खरी मध्यम साखळी खोबरेलातून मिळवायची तर रोज १४० ग्रॅमच्या वर तेल प्यावं लागेल. म्हणजे साडेबाराशे कॅलरी! एवढ्यात दोन वेळचं जेवण बसतं.

भूक कमी लागते, या दाव्याचीही हीच गत. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात २०१७ च्या अभ्यासात न्याहारीच्या स्मूदीत एमसीटी तेल आणि खोबरेल घालून पाहिलं. पोट भरल्याची भावना एमसीटीने जास्त टिकली. खोबरेल त्या बाबतीत मागे पडलं.

खुद्द खोबरेलावरचे प्रयोग

ब्राझीलमधला २००९ चा एक प्रयोग वारंवार पुढे केला जातो. त्यात कंबरेचा घेर ८८ सेंमीहून जास्त असलेल्या ४० स्त्रिया होत्या. बारा आठवडे निम्म्यांना रोज ३० मिलि खोबरेल आणि निम्म्यांना तेवढंच सोयाबीन तेल दिलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोन्ही गटांत उतरला. घेर फक्त खोबरेलवाल्यांचा, तोही दीडएक सेंटिमीटर. सांगताना गाळलं जातं ते हे, की दोन्ही गटांचा आहार कमी कॅलरींचा केला होता आणि दोन्ही गट रोज ५० मिनिटं चालत होते.

२०२० मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने वजनात किंवा चरबीत लक्षणीय फरक पडला नाही. एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, सरासरी १० अंकांनी वाढलं आणि चांगलं एचडीएल ४ अंकांनी. 'चांगलंही वाढतं ना' ही पळवाट फारशी कामाची नाही, कारण औषधाने एचडीएल वाढवून हृदयविकार टळतो असं दिसलेलं नाही. एलडीएल उतरवल्याने मात्र टळतो.

दुसरी बाजूही बघायला हवी. केरळात हृदयविकाराच्या सुमारे २०० रुग्णांना दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल तेलात स्वयंपाक करायला सांगितलं होतं. दोन्ही गटांत कोलेस्टेरॉलमध्ये किंवा झटक्यांमध्ये ठळक फरक निघाला नाही. त्या रुग्णांची औषधं चालू होती, हे मात्र लक्षात ठेवा. केरळात किंवा तळकोकणात पिढ्यान् पिढ्या खोबरेलात मासे तळणाऱ्या घराने घाबरून तेल बदलावं, असं यातून निघत नाही. शेंगदाण्यावर वाढलेल्या सोलापूरकराने वजनासाठी म्हणून खोबरेलाकडे वळावं, असंही निघत नाही.

तरीही स्वयंपाकात खोबरेल आणायचं असेल तर

चवीसाठी आणा, ते कारण पुरेसं आहे. बाटली निवडताना लेबलवर 'खाद्यतेल' हा शब्द, हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक बघा. आपल्याकडे बरीच घरं एकाच बाटलीतलं तेल डोक्यालाही लावतात आणि कढईतही घालतात. छोट्या पॅकमधलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल, हा करआकारणीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाच्या बाजूने सुटला. पण सुगंध किंवा खनिज तेल मिसळलेलं 'केश तेल' वेगळं. ते पोटात जाता कामा नये.

व्हर्जिन, घाण्याचं, रिफाइंड यांत वास आणि किंमत बदलते, चरबीची घडण तीच राहते. वजनासाठी व्हर्जिनला दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये खोबऱ्याचे भाव भडकल्यापासून भेसळीचा मोहही वाढला आहे. 'फ्रीजमध्ये ठेवा, गोठलं तर शुद्ध' ही घरगुती परीक्षा पातळ खनिज तेल पकडते. पाम कर्नेल तेल मात्र तीत सापडत नाही, कारण तेही तसंच गोठतं आणि त्यातही लॉरिक भरपूर असतं.

व्हर्जिन खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरावतं, तळणीचं तापमान साधारण तेवढंच. त्यामुळे पुऱ्या-वड्यांना ते नको. तळणीच्या कढईत खोबरेल आणि दुसरं तेल एकत्रही करू नका. या मिश्रणाला फेस येतो आणि तेल उतू जाऊन आचेवर सांडू शकतं. बरणीत ओला चमचा गेला की काही दिवसांनी तेलाला साबणासारखी चव येते. पाण्यामुळे लॉरिक आम्ल सुटं होतं, म्हणून. असं तेल टाकून द्यावं.

एलडीएल आधीच जास्त असेल, स्टेंट बसवलेला असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर रोजच्या वापराला खोबरेल नकोच. बाकीच्यांनी बदलायच्या आधी एकदा आणि मग दहा-बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून बघावं.

एमसीटीची बाटली

तेरा चाचण्यांच्या २०१५ च्या आढाव्यात एमसीटीमुळे सरासरी अर्धा किलो वजन आणि दीड सेंमी घेर कमी झालेला दिसला. तोही दुसऱ्या तेलाच्या *जागी* घेतल्यावर, वरून घेतल्यावर नव्हे. घ्यायचं तर लेबलवर सी-८ आणि सी-१० (आठ आणि दहा कार्बनची आम्लं) लिहिलंय का बघा. लॉरिकचा भरणा असलेली बाटली म्हणजे महाग खोबरेलच. पहिल्या दिवशीच मोठा चमचा घेतला तर पोटात मुरडा आणि जुलाब ठरलेले. ५ मिलिपासून, जेवणाबरोबर सुरू करा आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. फोडणीला ते वापरू नका, लवकर धुरावतं. यकृताचा सिरोसिस असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरी बचत पळीत

बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ आणि स्त्रीला २० ग्रॅम स्वयंपाकातलं आणि पानात वाढलेलं मिळून तेल-तूप पुरे, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं प्रमाण आहे. दोन पुरुष, दोन स्त्रियांच्या घराला महिन्याला २.७ किलो लागतं, म्हणजे तीन लिटरच्या आत (एक लिटर तेल ९१० ग्रॅम भरतं). अशा घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम पोटात जातं. ते २३ वर आणलं की माणशी रोज १३५ कॅलरी वाचतात. तेल कुठलंही असो.

एक तारखेला महिन्याचं तेल मोजून एका बाजूला काढा आणि त्यातूनच तेलाचा कावळा भरा. विसाव्या दिवशी किती उरलंय ते बघितलं की कुणाला काही सांगावं लागत नाही. पाव किलो भाजीला दोन चहाचे चमचे तेल पुरतं. जाड बुडाची कढई घ्यायची, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची. घडीच्या पोळीत मोहन, घडीतलं आणि वरचं मिळून चमचाभर तेल जातं. चार पोळ्या खाणाऱ्याने त्यातल्या दोन फुलके केले, की तिथेच ८० कॅलरी कमी.

वाटण लावणाऱ्या घरांत खोबरं वेगळं मोजावं लागतं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३३ ग्रॅम चरबी आणि सुमारे ३५० कॅलरी असतात. जोडीला नऊ ग्रॅम तंतू, जे तेलात शून्य. आमटीत आणि माशाच्या कालवणात ओलं खोबरं असेल, त्या दिवशी फोडणीचं तेल निम्मं करा, वाटण तव्यावर कोरडंच परता. सोलकढीला पहिलं दाट दूध बाजूला ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या पिळाचं वापरलं, तर बरीचशी चरबी त्या पहिल्या वाटीतच राहते. ती वाटी मग कालवणात घालायची, त्या दिवशी वेगळं तेल न घालता.