आय-६०१ वेव्हरसाठी घेतलेली वकील: काम चोख, फोन मात्र उचलत नाहीत

पाचपैकी चार स्टार. एक फोनपायी कापला, त्याचं खाली लिहिते. आय-६०१ वेव्हर म्हणजे अमेरिकेत यायला घातलेल्या बंदीतून सूट मागायचा अर्ज.

आधी आमची केस, म्हणजे तुमची जुळते का बघता येईल. मी अमेरिकन सिटिझन, न्यू जर्सीत एडिसनला राहते, नवरा पुण्यात. तो आधी एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, इकडेच होता. एकदा भारतातून परत येताना पासपोर्ट संपत आलेला म्हणून एअरपोर्टवर आय-९४ (किती तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद) पासपोर्टच्या तारखेपर्यंतचंच मिळालं, एच-१बी च्या अप्रूव्हल नोटिशीवर मात्र पुढची तारीख, त्यामुळे हा आपला निवांत नोकरी करत राहिला आणि सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडून भारतात गेला तोवर अनलॉफुल प्रेझेन्स (मुदत संपल्यावरचं बेकायदा राहणं) वर्षाच्या वर गेला होता. वर्ष भरलं की देश सोडल्यावर १० वर्षांचा बार, म्हणजे परत यायला बंदी, १८० दिवसांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षांचा. माहीत नव्हतं म्हणून सूट मिळत नाही. लग्न झालं, आय-१३० (मी नवऱ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झालं, आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या इंटरव्ह्यूत हातात नकाराचा कागद, त्यावर २१२(ए)(९)(बी), म्हणजे ह्याच बारचं कलम, आणि वेव्हरसाठी अर्ज करता येईल असं लिहिलेलं. नुसतं लग्न झालं म्हणून बार उठत नाही हो, बऱ्याच जणांना तसं वाटतं.

घरच्यांनी लगेच एक कन्सल्टंट गाठला. "गॅरंटीने करून देतो ताई" म्हणाला आणि नवरा किती सज्जन आहे यावर पानभर पत्रही लिहून दिलं. गॅरंटी हा शब्द ऐकला की तिथून उठायचं, कारण सगळं सिद्ध केलं तरी वेव्हर द्यायचं की नाही हे शेवटी अधिकारी ठरवतो.

मग ही वकीलबाई मिळाली, न्यू जर्सीतलंच छोटं ऑफिस आहे. नाव टाकत नाही कारण केस ओळखू येईल. पहिल्या मीटिंगमध्ये तिने नवऱ्याबद्दल जेमतेम पाच मिनिटं विचारलं, बाकी सगळा वेळ मलाच. आमच्या प्रकारच्या वेव्हरमध्ये एक्स्ट्रीम हार्डशिप (नेहमीच्या त्रासापलीकडचे हाल) त्याला नाही, मला व्हावी लागते. क्वालिफाइंग रिलेटिव्ह, ज्यांची हार्डशिप धरतात ते, म्हणजे अर्जदाराचे सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले नवरा-बायको नाहीतर आईवडील, मुलं त्यात धरत नाहीत, मुलांमुळे माझ्यावर काय बोजा पडतो तेवढंच मांडता येतं. ताटातूट झाली की वाईट वाटणारच, तेवढ्याने भागत नाही.

माझ्या स्टेटमेंटमध्ये "रात्र रात्र झोप लागत नाही" असं होतं, त्याच्या शेजारी तिने लिहून पाठवलं, कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का, कागद कुठे. आईचं डायलिसिस मंगळवार-गुरुवार-शनिवार असतं, ते वेळापत्रक आणि माझा शिफ्टचा रोस्टर तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कुठल्या शिफ्ट गेल्या त्यावर खुणा केल्या, मग त्याच आठवड्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या. ह्या तीन कागदांनी जे दाखवलं ते माझ्या चार पानी रडगाण्यात कुठेच नव्हतं.

मी भारतात का जाऊ शकत नाही तेही मांडावं लागलं. ओसीआय (भारतात हवं तितकं राहू देणारं कार्ड) असताना "तिथे राहताच येणार नाही" म्हणणं हास्यास्पद, हे तिने आधीच सांगून टाकलं. त्याऐवजी आईचं मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्यविमा) तिकडे चालत नाही, माझं नर्सिंगचं लायसन्स इथलं, घराचं लोन माझ्या एकटीच्या नावावर, असं पुराव्यासकट लावलं. सासूबाईंच्या मराठी पत्राचं भाषांतर दोन्ही भाषा येणाऱ्या मैत्रिणीने केलं, ते पूर्ण आणि बरोबर आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा नीट येतात असं लिहून सही केली की पुरतं, नोटरीची गरज नाही. दुसऱ्या कुणी याचेही पैसे लावले असते.

आता तक्रारी. फाइल गेली की तुम्ही संपलात. फोन व्हॉइसमेलवर जातो, ईमेलला आठवड्याने उत्तर, मध्येच पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) बदलली आणि नव्या बाईने आमच्याकडेच आमचा रिसीट नंबर मागितला. सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून, त्याची फी वेगळी आणि ती आधी कोणी बोललं नाही. वेव्हर अप्रूव्ह झालं, केस परत कॉन्सुलेटकडे गेली, तेव्हा व्हिसासाठीची पहिली मेडिकल तपासणी केव्हाच एक्स्पायर झालेली, साधारण सहा महिनेच चालते ती, पण हे आम्हाला कॉन्सुलेटच्या ईमेलवरून कळलं, यांच्याकडून नाही. नवऱ्याने परत मेडिकल केली, पीसीसीही (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) नवी काढली.

खर्चाचं म्हणाल तर आय-६०१ ची सरकारी फी आम्ही भरली तेव्हा १,०५० डॉलर होती, वकिलीची त्याच्या चौपट-पाचपट धरा. निकालाला वर्षाच्या वर सहज जातं. जोडीदार अजून अमेरिकेतच असेल आणि प्रॉब्लेम फक्त ओव्हरस्टेचा असेल तर बाहेर पडायच्या आधीच आय-६०१ए (देश सोडायच्या आधीच मागायचं वेव्हर) बद्दल विचारा, आमच्या बाबतीत ती वेळ गेलेली. खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल तर मात्र बार कायमचा असतो, त्याही केस ही घेते पण फी वेगळी सांगते.

पैसे हप्त्याने घेते, चांगलं आहे. फक्त अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी बघा, नामंजूर झालं तर अपिलाचं काम त्या फीमध्ये येत नाही, दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय.