‘कार्बन’ म्हणून घेतलेली साईट जस्ताची निघाली: धनुर्विद्येच्या खेळाडूंच्या पालकांसाठी

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाने मुलीच्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यासाठी ऑनलाइन साईट, म्हणजे धनुष्यावर बसवायचं नेम धरायचं साधन, मागवली आणि पैसे तर गमावलेच, धनुष्याचा राईजर, म्हणजे मुठीचा मधला भाग, तोही खराब करून घेतला. ज्या पद्धतीने त्यांना गंडवलं गेलं ती पद्धत सध्या सगळीकडे तीच आहे, म्हणून ती इथे उलगडून मांडतो आहोत. तिरंदाज ओजस देवतळे नागपूरचा, प्रथमेश जावकार बुलढाण्याचा. 2023 मध्ये ओजस बर्लिनला जगज्जेता झाला, प्रथमेशने शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं. आपल्याकडची पोरं धनुष्य हाती घेत आहेत ही अभिमानाची गोष्ट आहे. पण चांगलं सामान मिळणारं दुकान तालुक्याला नाही, बहुतेक वेळा जिल्ह्यालाही नाही, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो.

जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. ‘प्रोफेशनल हंटिंग साईट, फुल कार्बन, पाच पिन, एलईडी लाइट, आजीवन वॉरंटी.’ फोटो एका नामांकित परदेशी साईटचा. अर्धे पैसे आधी यूपीआयने घेतले. चार दिवसांनी निरोप आला की पार्सल कस्टममध्ये अडकलंय, सोडवायला आणखी पैसे पाठवा. तेही पाठवले. शेवटी जे आलं ते फोटोतलं नव्हतंच.

इथे पहिली खूण आहे. सीमाशुल्क कुणाच्या खासगी यूपीआय नंबरवर भरलं जात नाही. परदेशातून खरंच माल येत असेल तर शुल्क कुरिअर किंवा टपाल खात्यामार्फत, पावतीवर भरलं जातं. आणि माल भारतात आधीच आयात झालेला असेल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, छापील किंमत असायलाच हवी. विक्रेत्याला पहिल्याच दिवशी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. तो टाळाटाळ करू लागला की व्यवहार तिथेच थांबवा.

दुसरी खूण ‘हंटिंग’ या शब्दात. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार शिकारीवर बंदी आहे, आणि शिकारीचा नुसता प्रयत्नही कायद्याने शिकारच धरला जातो. वावरात रोही (नीलगाय), रानडुकरं धुडगूस घालतात हे खरं, पण त्याचा मार्ग वन विभागाकडे पंचनामा आणि नुकसानभरपाई हा आहे. धनुष्य-बाण हा तो मार्ग नव्हे. ‘रानडुकरासाठी मस्त चालते’ असं सांगून साईट विकणारा तुम्हाला गुन्ह्याच्या वाटेला लावतो आहे. शिकारीला परवानगी असलेल्या देशांत या साईट वापरतात. त्यांची रचना झाडीत, जवळच्या, अंदाजाने ठरवलेल्या अंतरासाठी असते: एकाखाली एक पिना (नेमबिंदू), प्रत्येक पिन एका अंतराची.

मैदानावर ही रचना उपयोगाची नाही, आणि रिकर्व्ह गटात तर नियमातच बसत नाही. रिकर्व्हच्या साईटवर एकापेक्षा जास्त नेमबिंदू, भिंग किंवा लेव्हल (धनुष्य तिरकं नाही ना हे दाखवणारा बुडबुडा) चालत नाही. कंपाउंडला (कप्प्यांच्या धनुष्याला) भिंग आणि लेव्हल चालते. एलईडी लाइट मात्र दोन्हीकडे बाद. म्हणजे या मुलीने ती साईट लावून स्पर्धा गाठली असती, तर साहित्य तपासणीतच पंचांनी ती काढायला लावली असती. इंडियन राऊंड या देशी स्पर्धा गटातल्या बांबूच्या धनुष्याला तर साईट लागतच नाही. तरी त्या मुलांच्या पालकांनाही ती विकली जाते, याचा फार राग येतो.

आता वस्तूकडे येऊ. साईट टिकणार की नाही हे धातू, आटे आणि सांध्यांची ढिलाई या तीन गोष्टींवर ठरतं. रंग आणि चकाकी फोटोसाठी असते.

‘फुल कार्बन’ बार (साईट पुढे धरणारी दांडी) म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळीवर कार्बनच्या विणीची छापील फिल्म होती. बारच्या टोकाची टोपी काढा आणि आतली कड नखाने किंवा सुईने खरवडा. खऱ्या कार्बनची कड आतपर्यंत काळी असते. फिल्मखाली पांढरा धातू चमकतो. राईजरला स्क्रूने बसणारा मुख्य ब्लॉक ‘एअरक्राफ्ट ॲल्युमिनियम’ म्हणून विकलेला होता, निघाला जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव. लोहचुंबकाने हे कळत नाही, दोन्हींना चुंबक धरत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ब्लॉकमधले पोलादी स्क्रू काढून घ्या आणि त्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला (काठोकाठ भरलेला नको) ठेवून काटा शून्यावर आणा. ब्लॉक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर त्या तुकड्याचं आकारमान. वजनाला या आकड्याने भागा. ॲल्युमिनियम असेल तर उत्तर 2.7 च्या आसपास, जस्ताचा मिश्रधातू असेल तर साडेसहाच्या पुढे, प्लॅस्टिक असेल तर 1 ते 1.5. उदाहरणार्थ 60 ग्रॅमचा ब्लॉक बुडवल्यावर काट्याने 22 दाखवले तर ॲल्युमिनियम, 9 दाखवले तर जस्त.

जस्ताने बिघडतं काय? ओतीव जस्तात आटे उथळ आणि ठिसूळ असतात. नॉब चार-सहा वेळा घट्ट आवळला की ते झिजतात, मग साईट लॉक होत नाही. शिवाय ब्लॉक जड, आणि प्रत्येक बाणाच्या हादऱ्याला तो स्क्रू सैल करत राहतो. कंपाउंडवर हे लवकर होतं, रिकर्व्हवर थोडं उशिरा. स्वस्त साईटमधली फायबरची काडी (तिचं चमकणारं टोक म्हणजेच नेमबिंदू) नुसत्या डिंकाने चिकटवलेली असते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. डिंक सुटतो, काडी सरकते आणि नेम का चुकतोय हे मुलाला कळत नाही. तो स्वतःच्या रिलीजमध्ये (दोरी सोडण्यात) दोष शोधत बसतो, प्रशिक्षक त्याची ढब बदलायला लागतात. आमच्या मते पैशांपेक्षा हे नुकसान मोठं.

ढिलाईचा हिशेब डोक्यात ठेवा. पूर्ण ताणलेल्या धनुष्यात डोळ्यापासून साईट साधारण 90 सेंटिमीटरवर असते. साईट 1 मिलिमीटर हलली तर 70 मीटरवर बाण जवळपास 78 मिलिमीटर सरकतो. रिकर्व्हच्या 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर एक रिंग 61 मिलिमीटरची आहे. म्हणजे एका मिलिमीटरच्या ढिलाईने दहाचा बाण नऊवर किंवा त्याही बाहेर. कंपाउंडला 50 मीटरवर तोच मिलिमीटर 55 मिलिमीटरच्या आसपास होतो, आणि तिथे रिंग 40 मिलिमीटरचीच. 18-20 मीटरवर मात्र फरक 2 सेंटिमीटरचा, तो मुलाच्या स्वतःच्या चुकीत लपून जातो. म्हणूनच ‘आमच्याकडे चांगली चालली’ या प्रतिक्रियांवर भरवसा ठेवू नका. त्या किती अंतरावरच्या आहेत ते विचारा.

ही ढिलाई बाण न सोडताही सापडते. साईट राईजरवर बसवा, सगळे नॉब लॉक करा, पिनेच्या मागे आलेख कागद धरा आणि पिन बोटाने हलकेच वर-खाली, डावी-उजवी ढकला. अर्धा मिलिमीटरही हलता कामा नये. मग लॉक सोडून उंचीचा नॉब 20 क्लिक वर आणि 20 क्लिक खाली फिरवा. पिन कागदावरच्या त्याच रेघेवर परतली पाहिजे. हीच परीक्षा विंडेजच्या, म्हणजे डाव्या-उजव्या सरकण्याच्या, नॉबची. कंपाउंडची लेव्हल तपासायला गवंड्याचा ओळंबा टांगा, धनुष्याची दोरी त्याला समांतर धरा. बुडबुडा मधोमध हवा. नसेल तर तो सुधारायचा स्क्रू साईटवर आहे का बघा. जाहिरातीत ‘ॲडजस्टेबल’ लिहिलेलं असतं, वस्तूवर स्क्रूच नसतो.

राईजरचं काय झालं तेही सांगायला हवं. राईजरवर साईटसाठी दोन भोकं असतात, एकमेकांपासून 1 पूर्णांक 5/16 इंचावर, म्हणजे साधारण 33 मिलिमीटरवर. त्यातले आटे 10-24 या इंची मापाचे. पार्सलमध्ये स्क्रू नव्हते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पाच मिलिमीटरचे एम-5 आणले. जाडी जवळजवळ सारखीच, पण 10-24 च्या दोन आट्यांमध्ये 1.06 मिलिमीटर अंतर असतं, एम-5 मध्ये 0.8. पहिला दीड फेरा बसतो, मग अडतो, आणि ॲलन कीने जोर लावला की राईजरचे मऊ ॲल्युमिनियमचे आटे खरवडून निघतात. स्क्रू बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच तो बरोबर. ॲलन कीचं काम शेवटच्या पाव फेऱ्यापुरतं. मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा, लाल नको. स्क्रूच्या डोक्यापासून ब्लॉकपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. आटे गेलेच असतील तर मोठं भोक पाडून बोल्ट ठोकू नका. 10-24 ची हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणारा लेथवाला गाठा, एमआयडीसीत असे कारागीर मिळतात.

पार्सल आलं की पाकीट फोडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी त्यात दिसू द्या. वर सांगितलेल्या तपासण्या परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका आणि तोवर वस्तूवर ओरखडा येऊ देऊ नका. या कुटुंबाने पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने क्यूआर कोड पाठवला आणि ‘स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल’ म्हणाला. सुदैवाने मुलीच्या लक्षात आलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणं अवघड होतं. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, विक्रेत्याचा नंबर हाताशी ठेवा. चॅट रागाने डिलीट करू नका. विक्रेता खरा पण माल खोटा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पाण्यातल्या वजनाचा व्हिडिओ आणि जाहिरातीतला ‘एअरक्राफ्ट ॲल्युमिनियम’ हा दावा तक्रारीला एकत्र जोडा.