एका मिनिटाचा नादकाटा, वीस सेकंदांची पेटी

पत्रकावर छापलंय, ‘नाद 60 सेकंद टिकतो.’ त्या एका ओळीपायी मी हा 440 हर्ट्झचा पोलादी नादकाटा घेतला, कारण टिकतो म्हणजे कुठपर्यंत, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझं काम समीकरणांचं. लाटा आणि प्रवाह किती वेगाने विरतात याच्या सिद्धता वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितेय, पण विझणारी लाट हातात धरून कधी पाहिली नव्हती.

सोबत एका बाजूने उघडी लाकडी पेटी आणि रबरी हातोडी येते. पेटी आतून 18 सेंटिमीटर भरली. 440 हर्ट्झच्या सुराची हवेतली तरंगलांबी साधारण 78 सेंटिमीटर, तिचा पाव हिस्सा साडेएकोणीस, आणि एका बाजूने बंद पेटी त्याच लांबीला त्या सुराशी घुमते. उघड्या तोंडाशी हवा थोडी बाहेरपर्यंत डोलते, तेवढं वजा केलं की 18 बरोबर बसतं. बनवणाऱ्याला काम कळतंय. मग देठाचं भोक सैल कसं ठेवलं, देव जाणे. पहिल्या दिवशी नुसती खरखर, आणि नाद तर सेकंदाभरात गुल. कागदाची घडी करून देठाभोवती ठोकली तेव्हा काटा ताळ्यावर आला.

मग मोजमाप. फोनवर आवाज टिपला आणि त्याची पातळी डेसिबलमध्ये काढून आलेख मांडला. डेसिबल हे लघुगणकी माप, त्यामुळे घातांकी घट (दर सेकंदाला उरलेल्याचा तोच हिस्सा कमी होणं) तिथे सरळ रेषेत उतरायला हवी. उतरली, दर सेकंदाला 2.9 डेसिबल. म्हणजे दर तीन सेकंदांनी आयाम, कंपनाचा पल्ला, आधीच्या साधारण 37 टक्क्यांवर. मी उगाच तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

सुरुवातीचा सेकंद तेवढा वाकडा येत होता. हातोडीऐवजी मेजाच्या कडेवर काटा आपटला (तुम्ही आपटू नका, काटा बिघडतो) तेव्हा वाकडेपणा वाढला आणि कारणही ऐकू आलं. मूळ सुराच्या सव्वासहा पट वारंवारतेचा एक किणकिणाट त्यात मिसळलेला असतो. तो झटकन मरतो, हळू मरणारा मूळ सूर मागे उरतो आणि पुढचा सगळा उतार तोच ठरवतो. हेच मी वर्गात ‘सर्वात लहान आयगेन मूल्य’, म्हणजे सर्वात हळू विझणाऱ्या कंपनाचा दर, म्हणून सांगते आणि समोरच्यांचे डोळे मिटायला लागतात. आता काटा आपटून दाखवीन.

पेटीवरून काढून काटा हातात धरला तर दर सेकंदाला 1.1 डेसिबलच घट. आवाज मात्र इतका बारीक की फोन अगदी दांड्यांना खेटून धरावा लागला. दोन्ही दांड्या एकमेकींच्या उलट हलतात, त्यामुळे त्यांचे ध्वनी बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. काटा कानाजवळ धरून देठाभोवती सावकाश फिरवा, एका फेरीत चार वेळा आवाज गडप होतो. या एका गंमतीसाठी वस्तू घ्यावी. पेटी नेमकं उलटं करते. देठाची वर-खाली थरथर फळीला देते, फळी हवेला देते, आवाज मोठा होतो आणि काट्याची पुंजी लवकर संपते.

आता ते 60 सेकंद. घातांकी घटीला शेवट नसतो, कुठेतरी रेघ ओढावी लागते. सभागृहाचा घुमारा मोजताना ध्वनीशास्त्रज्ञ सॅबाइनपासून 60 डेसिबलची घसरण धरतात, तीच मी धरली. हातात 55 सेकंद, पेटीवर 21. पत्रक खोटं नाही म्हणायचं, फक्त त्यांनीच विकलेली पेटी बाजूला ठेवावी लागते.

मोकळ्या जागेतल्या लाटा समजून घ्यायला कोणी हे घेणार असेल तर घेऊ नये. काट्यात ऊर्जा कोंडलेली असते आणि दर क्षणाला तिचा ठरावीक हिस्सा गळतो, म्हणून ती सरळ रेषा. अमर्याद अवकाशात लाट घर्षणाशिवायही नुसती पसरूनच क्षीण होते. तीन मितींत आयाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात, दोन मितींत अंतराच्या वर्गमुळाच्या, आणि ताणलेल्या आदर्श तारेवर अजिबात नाही. चिकट प्रवाहाचं, म्हणजे आतल्या घर्षणासकट वाहणाऱ्या द्रवाचं, तर आणखी निराळं. त्याची ऊर्जा शेवटी शून्याकडे जाते का, हा प्रश्न गणितज्ञ जाँ लरे यांनी 1934 मध्ये विचारला. कातो यांनी 1984 मध्ये आणि मारिया शोनबेक यांनी 1985 मध्ये त्यावर निकाल दिले. आज माहीत असलेली मर्यादा अशी की सुरुवातीचा प्रवाह पुरेसा आटोपशीर असेल, तर तीन मितींत ऊर्जा निदान काळाच्या उणे दीडाव्या घाताइतक्या वेगाने घटते. काळ दुप्पट झाला की मर्यादा 35 टक्क्यांवर, पुन्हा दुप्पट व्हायला मात्र आधीच्या दुप्पट वाट बघा. सर्वात हळू मरणारा सूर असा तिथे कोणी नसतोच. कितीही मोठा, आळशी भोवरा घ्या, त्याहून आळशी एक असतोच, आणि घर्षण त्याला जेमतेम शिवतं. हे कुठल्याही पेटीत मावणार नाही, तो दोष विकणाऱ्याचा नव्हे.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या भोकाचा कापला, एक पत्रकाचा. 256 हर्ट्झचा दुसरा काटा मागवताना पेटी नको असं कळवलं. उत्तर आलं, पेटीशिवाय काटा देत नाही.