डेंटल हायजिनिस्ट की जीएनएम नर्सिंग?

मिरजेची भाची बारावीनंतर या दोन पर्यायांत अडकली आहे. जाहिरातीतला ‘शंभर टक्के नोकरी’वाला मजकूर मी आधीच बाजूला ठेवला.

वेळ म्हणाल तर हायजिनिस्टचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतिसेवेची पदविका) तीन. कामात मात्र मोठा फरक. 1948च्या दंतवैद्यक कायद्यात हायजिनिस्टचं काम नेमकं लिहिलंय: दात खरवडणं, साफ करणं, पॉलिश करणं आणि तोंडाच्या स्वच्छतेबद्दल सांगणं. प्रत्यक्षात हे काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली चालतं. रात्रपाळी सहसा नाही. नर्सला ती चुकत नाही, पण मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात काम कुठेही मिळतं. हायजिनिस्टचं काम मात्र छोट्या क्लिनिकमध्ये डॉक्टर स्वतःच उरकतात.

खरी गोम नोंदणीत आहे. नोंदणी दोघींनाही लागते. पण नर्सेसच्या राज्य परिषदेवर नोंदणीकृत नर्स निवडून जातात. 1948च्या कायद्यातल्या राज्य दंत परिषदेत दंतवैद्य, कॉलेजप्रमुख, सरकारचे माणूस असे सगळे. हायजिनिस्टसाठी राखीव खुर्ची नाही. म्हणजे आपल्या कामाचे नियम दुसरेच ठरवणार! कॅलिफोर्नियात हायजिनिस्टांचं स्वतंत्र मंडळ आहे, नऊपैकी चार सदस्य त्यांचेच. सांगलीत बसून त्याचा उपयोग काय, असं ताई म्हणाली, तेही खरंच.

ठरलेल्या वेळेचं, बैठं, एकाच कामात हात बसवणारं हवं असेल आणि मोठं डेंटल क्लिनिक हाताशी असेल, तर हायजिनिस्ट. गावोगाव चालणारी पदविका, सरकारी भरती आणि परिषदेत आपला आवाज हवा असेल, तर जीएनएम. भाचीला रात्रपाळीची धास्ती आहे, तेवढ्यावरच गाडी अडलीय.