ॲम्बेसिडरचं इंजिन बांधायचं असेल तर उद्यमनगरातलं हे वर्कशॉप बघाच

जुन्या पेट्रोल ॲम्बेसिडरवाल्यांसाठी लिहितोय, म्हणजे १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन ज्यांच्याकडे अजून आहे त्यांच्यासाठी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात इंजिनकाम करणारे ढीगभर आहेत, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळं मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी चांगलंच होतं, पण इंजिन बांधल्यावर रॉकर (व्हॉल्व दाबून उघडणारा झुलता हात) व्हॉल्ववर नेमका कुठे बसतोय हे मोजून बघणारे मला इथेच भेटले. पाच स्टार त्याचेच आहेत.

बाकी ठिकाणी कसं असतं, फीलर गेज घालायचा, रॉकर आणि व्हॉल्वमध्ये १५ थाऊचा, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशाचा, गॅप ठेवायचा, लॉकनट आवळायचा, स्टार्ट करून आवाज ऐकायचा, झालं, गाडी घेऊन जा. अहो पण गॅप काय, वाकड्या बसलेल्या रॉकरलाही सेट होतो. त्यात रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर गेजची पट्टी खड्ड्यावरून आडवी जाते आणि खरा गॅप जास्तच राहतो, म्हणून तर टॅपेट (म्हणजे हाच गॅप) सेट करूनही टकटक जात नाही. इथल्या मिस्त्रींनी सगळ्यात आधी रॉकर उलटे करून ती तोंडंच बघितली, खराब होती ती ग्राइंड केली आणि बुश ढिले होते ते बदलायला लावले.

माझ्या हेडचं आधी दुसरीकडे फेसिंग झालेलं, म्हणजे ते घासून सपाट केलेलं, आणि व्हॉल्व ज्यावर बसतात त्या सीटही कापलेल्या. मला सगळे सांगत होते की हेड घासलंय, आता पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणाऱ्या दांड्या) छोटे करून घ्या. मिस्त्रींनी हे जे समजावलं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ह्या इंजिनाचा रॉकर शाफ्ट, म्हणजे सगळे रॉकर ज्याच्यावर झुलतात तो दांडा, हेडवरच बसतो, त्यामुळे हेड घासलं की शाफ्ट आणि व्हॉल्व दोघं एकत्रच खाली येतात, त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही, फक्त पुशरॉडच्या बाजूचा ॲडजस्टर (गॅप सेट करायचा स्क्रू) वर ओढावा लागतो. व्हॉल्वच्या बाजूला जो बिघाड होतो तो सीट कापल्याने, कारण व्हॉल्व सीटमध्ये आत जातो आणि दांड्याचं टोक वर निघतं, मग रॉकर त्याच्यावर सरळ दाबायच्या ऐवजी घासत जातो आणि व्हॉल्व गाईडमध्ये (दांडा ज्यात वरखाली सरकतो ती नळी) एका बाजूला रेटला जातो. गाईड अंडाकृती झाला की धूर आलाच. हे पुशरॉड कितीही बदलले तरी सुधारत नाही!

चेकिंग त्यांनी माझ्यासमोर केलं. व्हॉल्वच्या टोकांना मार्कर लावला, रॉकर बसवले, इंजिन हाताने फिरवलं, रॉकर काढून शाई कुठे पुसली गेली ते दाखवलं. पट्टा बारीक आणि मधोमध हवा, माझा रुंद होता आणि एका कडेला सरकलेला. मग डायल गेज लावून पूर्ण लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व किती उघडतो ते, मोजली, निम्म्या लिफ्टवर इंजिन थांबवलं, तिथे शाफ्टच्या सेंटरपासून रॉकर जिथे टेकतो तिथपर्यंतची रेघ व्हॉल्वच्या दांड्याला काटकोनात यायला पाहिजे, ती येत नव्हती. उपाय म्हणजे पेडेस्टलखाली (शाफ्टला धरणाऱ्या ठोकळ्यांखाली) शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालून शाफ्ट उचलणे. तेल ज्या पेडेस्टलमधून वर येतं त्याच्या शिमला भोक लागतं, हे विसरलं तर रॉकर कोरडे चालणार, त्यांनी शिम बसवायच्या आधी भोक जुळतंय का ते तपासलं. शाफ्ट वर गेला तसा ॲडजस्टरही परत खाली उतरून जागेवर आला, त्यामुळे पुशरॉड कापायची वेळच आली नाही. म्हणजे एका शिमने दोन्ही बाजू सुटल्या, मला तर बघताना लई भारी वाटलं.

आणि हे काम कंटाळवाणं का आहे तेही सांगतो, ह्या इंजिनात हेडच्या ११ नटांपैकी चार नट रॉकरचे पेडेस्टलही धरतात, त्यामुळे शिम बदलायचा म्हटलं की सगळे नट क्रमाने ढिले करा, परत क्रमाने टॉर्कला आवळा, परत मार्कर, परत फिरवा. इथे तो प्रत्येक फेरा पूर्ण केला, कुठे अंदाजपंचे नाही. मजुरी थोडी जास्त लागते, पण इतका वेळ लागतो म्हटल्यावर मला ती वाजवी वाटली.

कमतरता सांगायच्या तर गर्दी फार, फोन उचलत नाहीत, दिलेली तारीख पुढे जाते. ॲम्बेसिडरचे पार्ट ते ठेवत नाहीत, हिंदुस्थान मोटर्सने २०१४ ला गाडीच बंद केली, त्यामुळे बुश, शाफ्ट आपणच शोधून आणायचे. बिलावर मापं लिहित नाहीत, शिम किती जाडीचा घातला ते विचारून लिहून घ्या, पुढच्या वेळी हेड उघडाल तेव्हा लागेल.

जाताना नुसतं हेड घेऊन जाऊ नका, पुशरॉडला खालून हलवणारे कॅम आणि टॅपेट ब्लॉकमध्ये असतात त्यामुळे सुट्ट्या हेडवर लिफ्ट मोजताच येत नाही, ब्लॉकसकट इंजिन न्या, आणि पुशरॉड काढतानाच नंबर टाकून ठेवा, कुठला कुठे होता ते मिस्त्री विचारतातच.