घरशाळेचे आठ महिने: घंटा देवघरात परत गेली त्यानंतर

जूनमध्ये सगळ्यांच्या शाळा उघडल्या आणि आमचं ८ वर्षांचं पोरगं घरी राहिलं. कारणं उगाळत बसत नाही. आता फेब्रुवारी आलाय, म्हणजे घरशाळा (शाळेत न घालता घरीच शिकवणं) पुरेशी 'वापरून' झालीय.

पहिले अडीच आठवडे मी घरात शाळाच भरवली. भिंतीवर रंगीत वेळापत्रक, दर ३५ मिनिटांनी विषय बदल, नवाच्या ठोक्याला देवघरातली घंटा. सासूबाईंनी घंटा परत मागितली तरी मी ढिम्म. मग एकदा वजाबाकीच्या मध्येच त्याने करंगळी वर केली. पाच पावलांवर संडास, घर स्वतःचं, आणि पोरगं परवानगी मागतंय! त्या संध्याकाळी वेळापत्रक उतरवलं.

पुढचे तीन आठवडे त्याने काहीही केलं नाही. पालथं पडून राहायचा, गॅलरीतून पाऊस बघायचा. माझी झोप उडाली होती. नव्याने सुरू करणाऱ्यांना सांगते, हा काळ येतोच, आणि त्रास मुलाला नाही, आपल्याला होतो.

गणिताची गाडी रुळावर आली ती तंबोल्यामुळे, म्हणजे हाउजीच्या खेळामुळे. आकडे पुकारायला आजी. त्या 'एकोणसाठ' म्हणाल्या की हा साठीच्या घरात शोधत बसायचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. आता आजी 'एकोणसाठ' म्हणतात, मी लगेच 'पन्नास नऊ' जोडते. महिनाभरात माझी गरज संपली. मग भाजीचा हिशोब त्याच्याकडे दिला. ७० रुपये किलोची भेंडी, पाव किलोचे भाजीवालीने २० सांगितले. हा भर बाजारात, "साडेसतरा होतात, मावशी." मावशींनी वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकून मिटवलं.

सगळ्यात जास्त वसूल झाला तो काड्यापेटी आणि सायकलच्या वॉल ट्यूबचा (बारीक रबरी नळीचा) खेळ. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात काम करताना काढलेली ही युक्ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. ट्यूबचे बारीक तुकडे, त्यांत काड्या खोचायच्या. त्रिकोण केला तर तो हलत नाही, चौकोन मात्र चेपतो. चौकोनात तिरपी काडी घातली की तोही ताठ. हे त्याने स्वतः शोधलं आणि नंतर मार्केट यार्डातल्या पत्र्याच्या शेडखाली मान वर करून अर्धा तास छत पेलणाऱ्या कैच्यांमधले त्रिकोण मोजत उभा राहिला. मी पिशव्या धरून.

आता उणं. हस्ताक्षर भयंकर. तोंडी गोष्ट रंगवून सांगेल, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की पोट दुखतं. खेळातून लिहायला लावायचे माझे सगळे प्रयत्न फसलेत. सरळ रोज पाच ओळी शुद्धलेखन, कुरकुर सोसून. दुसरं, सकाळी सगळी सोसायटी रिकामी. खेळायला कोणी नाही, आणि मी हिशोबाचं काम घरून करते तेव्हा मोबाइल त्याच्या हातात जातो. पैसे कमी लागतात (पाठ्यपुस्तकं तर ई-बालभारतीवर मोफत उतरवता येतात), पण आईचा दिवस अख्खा लागतो, हे फारसं कोणी बोलत नाही. नवरा रविवारी 'प्रयोग' करतो, पसारा सोमवारी माझ्याकडे.

"परीक्षेचं काय?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात येतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शाळेचंच बोलतो, घरशाळेची वेगळी तरतूद त्यात नाही. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त बेसिक शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. आम्ही तिसरीची पातळी बघतोय. पण येत्या जूनमध्ये तोच शाळेत जातो म्हणाला तर पाठवणार.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण हस्ताक्षरात गेला, एक माझ्या चिडचिडीत.

सायकलवाल्या काकांकडची वॉल ट्यूब संपलीय. "पोराला दुकानातच बसवा की," म्हणाले. सोमवारपासून तासभर बसणार आहे.