कॅनरी आणि फिंचसाठी पालेभाजी: लेट्यूस, पालक, केल की मोड आलेले दाणे?

नुसत्या दाण्यांवर वाढलेला पक्षी महिनोन्‌महिने ठणठणीत दिसतो, म्हणून पालेभाजीचा विचार मागे पडतो. पण राळ्यासारख्या दाण्यांत 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच आणि कॅल्शियमही अगदी थोडं असतं. ही कमतरता भरून काढायला हिरवं हवंच. प्रश्न एवढाच, की कोणतं.

लेट्यूसपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांच्या हाताला तेच लागतं. आइसबर्ग लेट्यूसमध्ये सुमारे 95 टक्के पाणी असतं. पक्षी ते आवडीने कुरतडतात, पोट भरतं, अंगाला मात्र फारसं काही लागत नाही. रोमेनची गडद बाहेरची पानं त्यापेक्षा बरीच बरी. तरी लेट्यूसला मी एकच काम देईन: ज्या पक्ष्याने कधी पान चाखलेलंच नाही, त्याला सवय लावण्याचं. धुतलेलं ओलं पान पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलं की कॅनरी आधी त्यावर अंग घासून अंघोळ करतो आणि मग त्याच्या कडा टोचायला लागतो. ओळख व्हायला एवढं पुरतं.

पालक आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांत निवड करताना बरेच जण चुकतात. दोन्ही गडद हिरवे, दोन्हींत बीटा-कॅरोटिन, म्हणजे ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, भरपूर. फरक कॅल्शियमचा आहे. पालकात ते कागदावर चांगलं दिसतं, 100 ग्रॅमला जवळपास 99 मिलिग्रॅम. पण पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल त्याला बांधून ठेवतं. माणसांवरच्या चाचण्यांत पालकातलं जेमतेम 5 टक्के कॅल्शियम अंगात गेलं. केलमधलं त्याच्या कितीतरी पट. मादी अंडी घालत असेल तर हा फरक जिवावर बेतू शकतो, कारण कवच बनतं ते कॅल्शियमचं आणि कॅल्शियम कमी पडलं की अंडं आत अडकण्याचा धोका वाढतो. म्हणून विणीच्या काळात पालक बंद. एरवी आठवड्यातून एखादं पान चालेल. केल, ब्रोकोलीची पानं, कोथिंबीर, डँडेलियनची फवारणी नसलेली पानं हे आलटून पालटून द्यावं. केलही रोज एकटंच नको. त्याच्या कुळातल्या भाज्या सतत खाल्ल्या तर थायरॉइडवर ताण येऊ शकतो. पिंजऱ्यात कटलबोन (कटलफिश या सागरी जीवाचं कॅल्शियमयुक्त कवच) मात्र कायम हवंच, कितीही पानं दिली तरी.

मोड आलेले दाणे हा वेगळाच पर्याय आहे, आणि पान बघून दूर पळणाऱ्या फिंचसाठी मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. दाणे 8 ते 12 तास भिजवायचे, नंतर दिवसातून दोन-तीनदा धुऊन निथळायचे, पांढरं टोक दिसलं की द्यायचे. यात मेहनत आहे आणि धोकाही. आंबट वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर सगळे फेकून द्या. जेमतेम 12 ग्रॅमच्या झेब्रा फिंचला बुरशीची छोटी मात्राही भारी पडते.

पक्षी कोणता, यावरही निवड ठरते. कॅनरी पानांवर सहज रुळतो. झेब्रा फिंचचं मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागातलं, खाणं मुख्यतः गवताचं बी. त्यामुळे त्याला कोवळी, दाणे भरत आलेली गवताची कणसं पानापेक्षा लवकर पटतात. पिवळ्या कॅनरीचा रंग खाण्यातल्या ल्युटीन या पिवळ्या रंगद्रव्यावर अवलंबून असतो, म्हणून पिसं झडून नवी येतात तेव्हा गडद पानं दिली की पिवळा रंग खुलतो. एक अपवाद नीट लक्षात ठेवा: रिसेसिव्ह व्हाइट जातीचा कॅनरी कॅरोटिन पचवून घेऊ शकत नाही. त्याला कितीही केल दिलं तरी 'अ' जीवनसत्त्व वेगळं द्यावंच लागतं, आणि त्याचं प्रमाण पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

एका पक्ष्याला अंगठ्याएवढा तुकडा पुरे. क्लिपने दांडीजवळ लावा, दोन-चार तासांत काढा. पानं खाल्ल्यावर विष्ठेत पाणी जास्त दिसतं. मधला भाग घट्ट असेल आणि पक्षी चपळ असेल तर ते जुलाब नव्हेत, पानं बंद करू नका. अॅव्होकाडो मात्र पिंजऱ्याजवळही नेऊ नका, तो त्यांना विषारी आहे.

पहिले काही दिवस पान शिवलंही जाणार नाही. रोज त्याच जागी, त्याच वेळी ताजं लावत राहा. एखाद्या सकाळी पानाच्या कडेला टाचणीएवढी खाच दिसेल.